हॉस्टेलच्या पाण्यावरून भावाला 'कारणे दाखवा' आली, छापील माफीनाम्यावर सही करू द्यायची का?

काळी_माती

राम राम मंडळी. दारव्हा तालुक्यातून लिहितोय, वावरातून मोबाईलवर टाइप करून राह्यलो, चुका पोटात घाला. माझा लहान भाऊ विद्यापीठाच्या डिपार्टमेंटला एमएस्सी फर्स्ट इयरला आहे, तिथल्याच हॉस्टेलला राहतो. आमच्या घरातून विद्यापीठापर्यंत पोचलेला हा पहिलाच, मी बारावीनंतर वावर धरलं, त्यामुळे तिथले नियम-कायदे आम्हाला काही समजत नाहीत.

झालं असं की मागच्या आठवड्यात हॉस्टेलच्या टाकीत तीन दिवस पाणी नव्हतं, बोअरची मोटर जळली म्हणे. पोट्ट्यांनी वॉर्डनले सांगितलं, रेक्टरले सांगितलं, टँकर येऊन राह्यला एवढंच उत्तर. चौथ्या दिवशी रात्री जेवण झाल्यावर चाळीस-पन्नास जण रिकाम्या बादल्या घेऊन रेक्टरच्या ऑफिससमोर जाऊन बसले, बादल्या बडवल्या, घोषणा दिल्या. त्या गोंधळात ऑफिसच्या खिडकीची काच फुटली. कोणी फोडली ते कोणीच सांगत नाही. भावानं त्याचा व्हिडिओ काढून स्टेटसला ठेवला, तो दोन-चार ग्रुपवर फिरला.

आता चौदा पोरांना पत्र आलं आहे. त्यातला मुख्य भाग जसाच्या तसा लिहितो : "आपण विनापरवानगी जमाव जमवून वसतिगृहाच्या मालमत्तेचे नुकसान केले, कनिष्ठ विद्यार्थ्यांना जबरदस्तीने सहभागी करून घेतले, अधिकाऱ्यांशी अर्वाच्य भाषेत वर्तन केले व समाजमाध्यमावर संस्थेची बदनामी केली, तरी आपणावर शिस्तभंगाची कारवाई का करण्यात येऊ नये याचा लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा."

सोबत एक छापील माफीनामा दिला. ऑफिसातला बाबू तोंडी म्हणतो की यावर सही करा, प्रत्येकी दोन हजार भरा, विषय इथंच मिटवू, नाहीतर रूम खाली करा अन् कमिटीपुढं या. आयकार्ड काढून घेतलं आहे. समरची परीक्षा तोंडावर आली आहे.

बाबा म्हणतात सही कर अन् मोकळा हो, दोन हजारासाठी वर्ष कोण घालवते. भाऊ म्हणतो मी काच फोडलीच नाही तर लिहून काऊन देऊ. त्याला पुढं पोलीस भरती, एमपीएससी द्यायची आहे, म्हणून मला जास्त धास्ती. आमच्या एका पाहुण्याची आमदाराच्या पीएशी ओळख आहे, फोन लावायला सांगू का? आजचा दिवस धरून दोन दिवस उरले. हरभरा काढणीला आलाय, मजूर भेटून नाही राह्यले, डोकं चालत नाही बाप्पा.

ठेचा_भाकर

अरे भाऊ, सही करू दे अन् मोकया हो. पाण्यात राहून माशासंगं वैर कायले घेतं? दोन वर्षं त्याच लोकाईच्या हाताखाली काढाची हायेत, प्रॅक्टिकलचे मार्क त्याईच्याच हातात, इंटर्नल त्याईच्याच हातात. तू तत्त्वाची गोष्ट करशीन अन् थो पोरगा व्हायव्यात बसन. मीबी अशीच सही केली होती एकडाव, कायी झालं नाही, आज मजेत हाओ. दोन हजार म्हंजे आजकाल किराण्याचं एक बिल हाये. अन् आमदाराच्या पीएले फोन लावाचा असन तर आजच लाव, उद्या त्याले दुसरं काम लागन.

पुसदची_ताई

दादा थांबा, एवढ्या घाईनं सही नका करू देऊ. माझंच सांगते. मी बीएस्सीला असताना आमच्या हॉस्टेलमध्ये गॅदरिंगच्या रात्री उशिरा गेट उघडायला लावलं म्हणून आम्हा सहा जणींकडून असाच छापील माफीनामा घेतला होता. मी त्या रात्री हॉस्टेलमध्येच नव्हते, काकाच्या घरी होते, तरी मैत्रिणी करतात तर आपणही करू म्हणून सही ठोकली. वाचलंसुद्धा नाही. त्यात "यापूर्वीही ताकीद देण्यात आली होती" असं एक वाक्य छापलेलं होतं!! पुढच्या वर्षी हॉस्टेलचा फॉर्म भरला तर फाईल काढून दाखवली, तुमचं वर्तन आधीपासून ठीक नाही म्हणे. रूम मिळाली नाही, वर्षभर बाहेर खोली करून राहिले, बाबांनी त्यासाठी सोनाराकडे काय ठेवलं ते मला लग्नानंतर कळलं.

ठेचा भाऊंचं काही झालं नाही ते त्यांचं नशीब. कागद बोलत नाही तोवर गप्प असतो.

भावाला एक विचारा, त्या माफीनाम्यात "मी काच फोडली" असं आहे की "झालेल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे" असं आहे? दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

काळी_माती

ताई, फोटो मागवला. त्यात लिहिलं आहे "माझ्याकडून वरील सर्व कृत्ये घडली असून मी ती बिनशर्त मान्य करतो". वरील सर्व म्हणजे पत्रातलं सगळंच आलं ना?

निवृत्त_मास्तर

हो, सगळंच आलं. मी विद्यापीठाच्या विभागात सव्वीस वर्षं शिकवलं, त्यातली सात वर्षं शिस्तपालन समितीवर होतो, म्हणजे तुमच्या भावाच्या समोर टेबलाच्या पलीकडं बसणारा माणूस मी. त्यामुळे दोन्ही बाजूंचं सांगतो, जरा लांबेल.

सगळ्यात आधी पत्रातलं एक वाक्य परत वाचा. तुम्ही सगळे काचेवर आणि व्हिडिओवर अडकलात. मला त्या पत्रात सगळ्यात वाईट दिसतं ते "कनिष्ठ विद्यार्थ्यांना जबरदस्तीने सहभागी करून घेतले" हे. काच म्हणजे नुकसानभरपाई, फार तर दंड. पण ज्युनिअरला जबरदस्ती हे उद्या रॅगिंगच्या खान्यात जाऊ शकतं, आणि रॅगिंग हा विषय रेक्टरच्या हातात राहतच नाही. महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंग प्रतिबंधक कायदा आहे, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, आणि दोषी ठरलेल्याला संस्थेतून काढून पाच वर्षं दुसरीकडं कुठंही प्रवेश नाही. तक्रार आली की संस्थाप्रमुखानं सात दिवसांत चौकशी करायची असते आणि तथ्य दिसलं तर पोलिसात कळवायचं असतं, मिटवून टाकायची त्याला मुभाच नाही. वर यूजीसीचे २००९ चे रेग्युलेशन आहेत ते वेगळे, दरवर्षी ॲडमिशनच्या वेळी पोरगा आणि पालक दोघंही जे हमीपत्र भरून देतात ते त्याचंच. आणि हा माणूस म्हणतो की "वरील सर्व कृत्ये बिनशर्त मान्य" वर सही करा! लिहिणाऱ्या बाबूच्या डोक्यात एवढं नसेलही, त्यानं जुन्या पत्रातून वाक्य उचललं असेल, आमच्याकडं पत्रं अशीच बनतात. पण सही पोराची असेल.

म्हणून पहिला प्रश्न भावाला विचारा, ज्युनिअर कसे आले होते. स्वतःहून आले होते की कोणी रूमचे दरवाजे वाजवून त्यांना बाहेर काढलं. खरं काय ते घरच्यांना कळलंच पाहिजे.

आता माफीनाम्याचं. समितीपुढं एकाच मजकुराचे चौदा माफीनामे आले की आम्हाला लगेच कळायचं की हे ऑफिसात लिहून घेतलेत. काही सदस्य ते तसेच पुढं सरकवायचे, फाईल बंद होते ना. माझ्यासारखे दोन-तीन जण पोरांना एकेकाला बोलावून विचारायचे. ज्यानं स्वतःच्या अक्षरात अर्धं पान का होईना खरं लिहिलं असेल त्याच्याकडं कमिटी वेगळ्या नजरेनं बघते, हे मी अनुभवानं सांगतो. शुद्धलेखन कसंही असो. वकिली भाषेत चार पानं लिहून आणणाऱ्या पोराचा मात्र आम्हाला राग यायचा, खोटं कशाला बोलू.

पुढचं, खुलासा मुदतीत गेलाच पाहिजे. तीन दिवस म्हणजे तीन दिवस. वेळ कमी पडत असेल तर मुदत वाढवून द्या असा अर्ज त्याच तीन दिवसांत द्यायचा, चौथ्या दिवशी नाही. दोन प्रती न्यायच्या, एक आवक-जावकला द्यायची आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक नंबर घ्यायचा. बाबू म्हणेल ठेवून जा, मग देतो. ठेवून यायचं नाही. पोच देतच नसेल तर पोस्टात जाऊन स्पीड पोस्टनं पाठवा आणि ईमेलपण करा.

आणि ते दोन हजार. पावती देतात का विचारा. कोणत्या नियमाखाली दंड आहे हे पावतीवर येणार का विचारा. चौदा गुणिले दोन हजार म्हणजे अठ्ठावीस हजार होतात, एका खिडकीची काच! माझ्या घराच्या सगळ्या काचा त्यात बसतील.

आमदाराच्या पीएचा फोन नको. फोन आला की समितीतले निम्मे घाबरतात आणि निम्मे चिडतात, आणि चिडलेले लक्षात ठेवतात. शिवाय चौदा पोरांत एकासाठी फोन आला हे बाकी तेराला संध्याकाळपर्यंत कळतं.

ठेचा_भाकर

सर तुमचं बरोबर असन, पण तुमच्यासारखे तिथं दोन-तीनच ना. बाकीचे फाईल पुढं ढकलनारेच. गावच्या पोराले थो कोपऱ्यात घेऊन दम देते तवा तुमचं आवक-जावक कामी येत नाही. अन् रूम खाली करा म्हनलं तर रात्री जाईन कुठी? शेवटची एसटी सातले हाये त्या साइडची.

निवृत्त_मास्तर

ठेचाभाऊ, तुमची शंका रास्त आहे, मी ती खोडत नाही. मला खुद्द दोन वेळा सांगितलं गेलं होतं की सर फार खोलात जाऊ नका.

रूमचं असं आहे की हॉस्टेलची रूम म्हणजे भाड्याची खोली नव्हे, प्रवेश घेताना नियमावलीवर सही केलेली असते आणि त्यात रेक्टरला बरेच अधिकार असतात. चौकशी होईपर्यंत बाहेर राहायला सांगणं बहुतेक नियमावलीत बसतं. पण ते लेखी आदेशानं, कारण लिहून. बाबूनं तोंडी सांगितलं म्हणून गादी गुंडाळायची नाही. "लेखी आदेश द्या सर, मी लगेच खाली करतो" एवढंच नम्रपणे म्हणायचं. लेखी मागितलं की निम्म्या गोष्टी तिथंच विरतात. विरल्या नाही तर आदेश हातात येतो, मग दाद तरी मागता येते.

आयकार्डाचंही तेच. परीक्षेच्या तोंडावर आयकार्ड नसेल तर हॉलतिकिटाच्या वेळी खेटे घालावे लागतील, म्हणून खुलाशात शेवटी एक ओळ टाका की आयकार्ड अमुक तारखेला जमा करून घेतलं आहे ते परत मिळावं.

कोर्टाची_पायरी

यवतमाळला प्रॅक्टिस करतो, शिक्षणाच्या केसेस थोड्याफार बघितल्यात. सरांनी जे सांगितलं त्याला कायद्याची बाजू जोडतो. सल्ला म्हणून घ्या, कागद न बघता कोणी वकील खात्रीनं बोलत नसतो.

शिक्षेआधी पोराचं म्हणणं ऐकून घ्यायलाच हवं हे काही उपकार नाहीत. १९६२ साली सुप्रीम कोर्टात घनश्याम दास गुप्ता म्हणून एक केस झाली, उत्तर प्रदेशच्या बोर्डानं परीक्षेतल्या गैरप्रकारावरून पोरांचे निकाल रद्द केले होते आणि त्यांना काही विचारलंच नव्हतं. कोर्ट म्हणालं, पोराच्या भविष्याचा निर्णय करताय तर त्याला बाजू मांडायची संधी दिलीच पाहिजे. आजही याच निकालाचा आधार घेतला जातो.

पण एवढ्यावर उड्या मारू नका, कारण दुसरी बाजूही आहे. १९७० मध्ये बिहारच्या एका केंद्रावर सामूहिक कॉपी झाली आणि बोर्डानं अख्ख्या केंद्राची परीक्षा रद्द केली, तेव्हा सुप्रीम कोर्टानं सांगितलं की इथं एकेकाला बोलावून विचारायची गरज नाही. आणि १९७३ मध्ये रांचीच्या मेडिकल कॉलेजची केस, पोरं रात्री मुलींच्या होस्टेलमध्ये घुसली होती, मुलींची साक्ष पोरांच्या समोर न घेता वेगळी घेतली, तेही कोर्टानं योग्य धरलं, कारण समोर घेतली असती तर कोणती मुलगी बोलली असती? म्हणजे कॉलेजची चौकशी ही काही कोर्टातला खटला नाही, साक्षीदाराची उलटतपासणी मिळेलच असं नाही. मिळायला हवं ते एवढं की आरोप काय आहे ते स्पष्ट सांगणं, पुरावा काय आहे ते दाखवणं, आणि उत्तराला वाजवी वेळ.

म्हणून खुलाशातच मागा : नुकसान माझ्याकडून झालं असं कोणत्या आधारावर म्हणताय, फुटेज असेल तर दाखवा, ज्युनिअरची तक्रार असेल तर मजकूर द्या. नाव झाकून दिला तरी चालेल म्हणा. माहिती अधिकारात पण मागता येतं, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, पण त्याला तीस दिवस लागतात अन् तुमच्याकडं दोन आहेत.

आता भरतीचं, कारण काळी_माती भाऊंची खरी धास्ती तीच दिसते. नोटीस येणं म्हणजे शिक्षा नाही. ताकीद वेगळी, निलंबन म्हणजे सस्पेंड वेगळं, ते बहुतेक वेळा चौकशीपुरतं असतं. रस्टिकेट म्हणजे ठरावीक काळासाठी काढणं, एक्सपेल म्हणजे कायमचं. केंद्र सरकारच्या नोकरीत पडताळणीचा जो फॉर्म भरून घेतात त्यात सरळ विचारलेलं असतं की तुम्हाला कधी परीक्षेला बसायला बंदी केली होती का किंवा विद्यापीठानं रस्टिकेट केलं होतं का. तिथं न चुकता खरं लिहायचं असतं, लपवलेलं सापडलं तर मूळ गोष्टीपेक्षा लपवणं जास्त महागात जातं, हे मी पोरांना सांगून सांगून थकलो. म्हणून या प्रकरणाचा शेवट रस्टिकेशनवर न जाता फार तर ताकीद, भरपाईवर व्हावा हे तुमचं उद्दिष्ट ठेवा. आणि पोलिसात काही गेलंय का ते आधी बघा. एफआयआर झाला असेल तर गोष्ट वेगळी, मग लगेच वकील गाठा.

खर्चाची चिंता असेल तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला प्राधिकरण. बायकांना आणि एससी-एसटीला उत्पन्न न बघता वकील फुकट, बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत. नागपूर खंडपीठाची भाषा आत्ताच कोणी करू नका, ती शेवटची पायरी.

पुसदची_ताई

वकील साहेब, ते यूजीसीचं तक्रार निवारण म्हणतात ते इथं चालतं का? आमच्या वेळी असलं काही नव्हतं, किंवा असेल अन् आम्हाला कोणी सांगितलं नाही.

कोर्टाची_पायरी

चालतं ताई, चांगली आठवण केली. यूजीसीचे २०२३ चे रेग्युलेशन आहेत. प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती, अध्यक्ष प्राध्यापक, चार सदस्य, एक विद्यार्थी विशेष निमंत्रित. त्यात निदान एक बाई आणि निदान एक जण एससी, एसटी किंवा ओबीसीतला असायला हवा. समितीनं पंधरा कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, पटला नाही तर पुढच्या पंधरा दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडं अपील, आणि त्यांनी तीस दिवसांत निकाली काढायचं. लोकपाल म्हणजे निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक नाहीतर माजी जिल्हा न्यायाधीश असा माणूस.

आणि गंमत बघा, तक्रारीच्या यादीत दोन गोष्टी आहेत. एक, संस्थेनं स्वतःच्या नियमांविरुद्ध कारवाई केली तर. दुसरी, माहितीपुस्तकात कबूल केलेल्या सोयी दिल्या नाहीत तर. हॉस्टेलच्या प्रॉस्पेक्टसमध्ये "२४ तास पाणी" छापलेलं असतं की नाही बघा. म्हणजे ज्या पाण्यावरून हे रामायण झालं त्याची तक्रार करायची वाट बादल्या बडवण्याआधीच होती. पोरांना माहीत नसते हा भाग वेगळा.

काळी_माती

सगळ्यांचे आभार. काल रात्री भावासोबत दीड तास फोनवर बोललो. आधी नाही नाही म्हणत होता, मग सरांनी सांगितलं तसं म्हटलं, की मला सगळं खरं सांग, मी बाबाले सांगत नाही. तवा उघडलं.

काच त्यानं नाही फोडली, त्यावर तो ठाम आहे, व्हिडिओत तो कॅमेऱ्यामागं आहे अन् फुटल्याचा आवाज उजवीकडून येते, तो डावीकडं उभा होता. ज्युनिअर स्वतः आले होते, उलट बादल्या त्याईच्याच मजल्यावरून आणल्या. पण रेक्टर बाहेर आले तेव्हा यानं त्यांना आईवरून शिवी दिली. तो म्हणे तीन दिवस आंघोळ नाही, संडासला बाहेर पेट्रोल पंपावर जावं लागत होतं, अन् रेक्टर म्हणाले की गावाकडं तर नदीवरच जाता ना. तवा तोंडातून निघून गेली.

आता मी हैराण आहे. शिवीचं लिहायचं का? कोणाच्या व्हिडिओत ते आलं की नाही माहीत नाही. त्याच्या व्हिडिओत त्याचाच आवाज आहे, तो म्हणते डिलीट मारतो.

निवृत्त_मास्तर

डिलीट अजिबात मारू देऊ नका. त्याच व्हिडिओनं तो काचेतून सुटतो. मूळ फाईल तशीच राहू द्या, वेळ-तारखेसकट, आणि एक कॉपी तुमच्या फोनवर घ्या. स्टेटसवरून काढलाच असेल, नसेल तर काढा, आणि आणखी कोणाला पाठवू नका.

शिवीचं लिहायचं. हे मी सात वर्षांच्या अनुभवावरून सांगतो. पत्रात "अर्वाच्य भाषा" आहेच, म्हणजे रेक्टरांनी ते सांगितलेलं आहे. ती एक गोष्ट नाकारली आणि खरी निघाली की काचेबद्दल खरं सांगितलेलंही खोटं ठरतं. मान्य केली तर बाकीच्या तीन गोष्टी नाकारायला त्याच्या शब्दाला वजन येतं. रेक्टर काय म्हणाले तेही लिहा, पण शिवीचं समर्थन म्हणून नको, घडलं त्या क्रमानं. रेक्टरांचं ते बोलणं चूकच होतं, आणि कमिटीत कोणीतरी गावाकडचा असतोच, त्याला ते लागेल.

शक्य असेल तर कमिटीआधी भावानं एकट्यानं जाऊन रेक्टरांची तोंडी माफी मागावी. फक्त शिवीची. पाण्याची नाही.

ठेचा_भाकर

नदीवरच जाता ना म्हने!! मंग शिवी नाही त काय आरती ओवायाची होती का. मी माझा सल्ला वापस घेतो भाऊ, नको करू सही.

काळी_माती

हे लिहिलंय, भावाच्याच अक्षरात आहे, मी इथं टाइप करतो, काही चुकलं तर सांगा :

"महोदय, आपल्या पत्रास अनुसरून खुलासा करतो की, दि. अमुक पासून तीन दिवस वसतिगृहात पाणी नव्हते, त्याबाबत आम्ही दोन वेळा तोंडी सांगितले होते. त्या रात्री मी इतर विद्यार्थ्यांसोबत कार्यालयासमोर बसलो होतो, हे खरे आहे. खिडकीची काच मी फोडलेली नाही व कोणी फोडली ते मी पाहिलेले नाही. त्या वेळचा व्हिडिओ माझ्याकडे आहे, तो दाखवण्यास तयार आहे. कोणत्याही कनिष्ठ विद्यार्थ्यास मी जबरदस्ती केलेली नाही, तशी तक्रार असल्यास तिची प्रत मिळावी. व्हिडिओ मी स्टेटसला ठेवला होता, त्यात पाणी नसल्याचे दिसते, बदनामीचा हेतू नव्हता, आता काढलेला आहे. मा. रेक्टर सर गावाकडच्या मुलांबद्दल जे बोलले त्याने मला राग आला व मी त्यांना शिवी दिली. ती माझी चूक आहे व त्याबद्दल मी त्यांची माफी मागतो. छापील माफीनाम्यातील सर्व कृत्ये माझ्याकडून घडलेली नसल्याने त्यावर मी सही करू शकत नाही. माझे ओळखपत्र परत मिळावे, परीक्षा जवळ आहे. मला समक्ष म्हणणे मांडण्याची संधी मिळावी ही विनंती."

कोर्टाची_पायरी

याच्यापेक्षा चांगलं मी लिहिलं नसतं, आणि पैसेही घेतले असते. "दोन वेळा तोंडी सांगितले" इथं कोणाला आणि कोणत्या दिवशी ते टाका. बाकी हात लावू नका.

पुसदची_ताई

बाकी तेरा जण काय करताहेत? त्यांच्यातल्या नऊ-दहा जणांनी सही केली असेल तर तुमच्या भावावर दडपण येईल बघा, तू एकटाच शहाणा काय म्हणून. मला त्याचीच जास्त भीती वाटते, रेक्टरपेक्षा.

काळी_माती

ताई, बरोबर ओळखलं. आठ जणांनी सही करून पैसे भरले, पावती कोणालाच नाही. दोघं याच्यासोबत स्वतःचं लिहून देणार आहेत. तिघं अजून घरच्यांच्या फोनची वाट पाहतात. रूममेट बोलत नाही दोन दिवसांपासून.

आज दुपारी खुलासा दिला. बाबूनं आधी पोच द्यायला का-कू केलं, मग भाऊ तिथंच बाकावर बसून राहिला, चहाच्या सुट्टीनंतर शिक्का मारला. रेक्टर सरांकडं पण गेला होता, ते "ठीक आहे, जा" एवढंच म्हणाले, वर पाहिलं नाही. सोमवारी अकरा वाजता कमिटी आहे, पालकांना घेऊन या म्हणे. बाबाला शेवटी सगळं सांगावं लागलं, शिवीसकट. ते काही बोलले नाहीत, बराच वेळ चुलीपाशी बसले, मग म्हणाले की मीच येतो, हरभरा मंगळवारी काढू. सकाळी सहाची एसटी पकडतो आम्ही दोघं.

ठेचा_भाकर

अन् पानी आलं का रे बावा टाकीत? थे कोनीच सांगितलं नाही.

काळी_माती

आलं. पत्र निघालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मोटर बसवली. पण वरच्या मजल्यावर सकाळी सातपर्यंतच चढते, मग बादलीनं खालून न्यावं लागते.